"काय करतोस सध्या?" – आयटीआयची पोरं, त्यांची दोस्ती आणि त्यांचं बरं चाललंय का

उद्यमनगरी

गेल्या रविवारी कागलजवळ एका वास्तुशांतीला गेलो होतो. बरोबर भाचा होता. आयटीआयत फिटर ट्रेडच्या, म्हणजे यंत्राचे भाग घासून-घडवून जुळवायच्या कामाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पंगतीत शेजारच्या पाहुण्यांनी त्याला विचारलं, "काय करतोस सध्या?"

"कॉलेजला हाय."

"कुठल्या?"

"कळंब्याकडं."

पाहुण्यांनी अजून खणायला सुरुवात केली, तेवढ्यात मी काहीतरी बोलून विषय मिटवला आणि आमटी मागितली.

येताना गाडीवर गोकुळ शिरगावपर्यंत पोरगं गप्प. मग मागून म्हणालं, "मामा, फिटर म्हटलं की लोकांना नळ बसवणारा वाटतो. मग समजावत बसा. कॉलेज म्हटलं की पुढचं कुणी विचारत न्हाई."

मी स्वतः ९६ सालचा फिटर. कोल्हापुरात उद्यमनगरात एक गाळा आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. शिरोलीच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग येतात, मशिनिंग करून परत पाठवतो. या धंद्यावर घर बांधलं, पोरीला शिकवलं. त्यामुळं भाच्याचं बोलणं जरा लागलंच.

याच पोराच्या गाडीवर मागं तालमीचं नाव एवढं मोठं रंगवलंय की नंबर शोधायला लागतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की गळ्यात मंडळाचा स्कार्फ. कुठल्या पेठेचा, कुठल्या मंडळाचा, हे न विचारता सांगतो. आयटीआयचं ओळखपत्र मात्र गेटातून बाहेर पडलं की खिशात.

इथं आयटीआय केलेले, करणारे, शिकवणारे बरेच असतील. तुम्हाला तुमचा ट्रेड सांगताना काय वाटायचं? दोस्त कसे मिळाले? आणि खरंच सांगा, ते दिवस आनंदाचे होते की आपण आता उगाच रंगवून सांगतो?

---

बेंच नंबर सात

मीपण फिटर, तुमच्यानंतर दोन वर्षांनी. धागा बघून हाताला फोड आल्यासारखं वाटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिले कितीतरी आठवडे फक्त कानस. एक लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि सपाट होईपर्यंत घासायची. ती सपाट होत नाही. मधे पोट राहतं, कडा खाली जातात. सर येऊन गुण्या (काटकोन तपासायचं माप) लावायचे, उजेडाकडं धरायचे, काही न बोलता पट्टी परत बेंचवर टाकायचे. त्या 'टण्ण' आवाजाएवढी भीती दहावीच्या निकालालासुद्धा वाटली नव्हती.

आणि कानशीचे प्रकार! रफ, मग बास्टर्ड, मग सेकंड कट, मग स्मूथ. सरांनी "बास्टर्ड घे" म्हटल्यावर अख्खी बॅच खाली मान घालून हसली. सर ओरडले, "पुस्तकात आहे ते, हसता काय!" आमची पहिली दोस्ती त्या हसण्यातून झाली. सात नंबरच्या बेंचवर समोरासमोर दोन व्हाइस. समोरचा बोलायचा नाही. त्या दिवशी तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. पुढं दोन वर्षं आम्ही हॅकसॉची ब्लेडं वाटून वापरली. माझी तुटली की त्याची, त्याची तुटली की दंड दोघांत. आता तो आखातात पाइपलाइनवर आहे. फोन आला की अजून पहिलं वाक्य तेच: "बास्टर्ड आहे काय रे घरात?" बायको अजून दचकते.

आनंदाचं विचारता? तेव्हा कोणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. सकाळी सातला डबा घेऊन निघायचं, हात काळे, अकरावी सायन्सची पोरं क्लासला चाललेली दिसायची. पण नसते ते दिवस तर माझ्याकडं आज एकही दोस्त नसता. शाळेतला एकही टिकला नाही.

---

काकू फुलेवाडीच्या

मी एका आयटीआयवाल्याची आई. मुलाला दहावीला बासष्ट टक्के. प्रवेशाची पहिली फेरी लागली, इलेक्ट्रिशियन हुकला, डिझेल मेकॅनिक मिळालं. रात्री उशीत तोंड खुपसून रडला. त्याचे शाळेतले तिघं मित्र सायन्सला गेले, सुरुवातीला यायचे, मग ग्रुपवर नुसती वाढदिवसाची शुभेच्छा, मग तीही बंद.

आता घरात काही बंद पडलं की त्याला हाक मारतात. परवा शेजाऱ्यांची गाडी सुरू होईना, तर हा रात्री साडेदहाला टॉर्च तोंडात धरून खाली वाकलेला. गाडी सुरू झाल्यावर शेजारी म्हणाले, "हुशार आहे हो पोरगा!" दहा वर्षं शेजारी राहतात, पहिल्यांदा म्हणाले.

पण काळजी आहेच. त्याच्या चुलतभावाला स्थळं बघताना मुलीकडच्यांनी "आयटीआय" ऐकल्यावर चहाचा कप खाली ठेवला होता. मी तिथं होते. आवाज आला कपाचा.

---

फटकळ

आठवणी छान आहेत सगळ्यांच्या. आता थोडं वास्तव.

एका कंपनीत (नाव घेत नाही) मी वर्षभर अप्रेंटिस होतो. वर्षभर एक ड्रिल मशीन, एकच जॉब. भोक पाडायचं, जॉब फिरवायचा, दुसरं भोक पाडायचं, क्रेटमध्ये टाकायचं. कागदावर ट्रेड फिटर. मी त्या वर्षात फिटिंगचं एक काम केलं असेल तर शपथ. नावानं कुणी हाक मारली नाही. "ए अप्रेंटिस!" एवढंच. आम्ही सहा जण होतो, हाक आली की सहाही वळायचो.

अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे. मुदत संपली की पोराला कामावर घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. वर्ष संपलं, नवी सहा पोरं आली, आम्ही बाहेर. मग ठेकेदार. त्याच गेटातून आत, दुसऱ्या रंगाचं हेल्मेट.

तेव्हा "हाताला काम, मनाला समाधान" वगैरे बोलणाऱ्यांनी आधी पगाराची स्लिप दाखवावी.

---

बेंच नंबर सात

@फटकळ, एकदम मान्य. पण त्या सहा जणांचं काय झालं?

---

फटकळ

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिसळीला भेटतो. अकरा वर्षं झाली. पण मुद्दा तो नव्हता.

---

वाशी नाका

मी मशिनिस्टला हाय, दुसरं वर्ष. पहिल्यांदाच लिहितोय इथं, चुकलं तर सांभाळून घ्या.

वीस जणांच्या बॅचमध्ये आम्ही दोघी होतो. दुसरीचं लग्न ठरलं, आता मी एकटीच. पहिल्या दिवशी मशीनचा व्हाइस उचलायचा होता तर तीन पोरं धावली. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत धावली. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, ही मला कधीच उचलू देणार न्हाईत, मग परीक्षेत कोण येणार उचलाय? मी ओरडलो त्यांच्यावर. दोघं रागावून गेली. तिसरा तिथंच थांबला आणि म्हणाला, "कंबरेतनं वाकू नको, गुडघ्यात वाक. खालनं धर." तो माझा मित्र झाला. एवढंच झालं, बाकी काही न्हाई, पण हे स्टॉपवरच्या बायकांना कोण सांगणार? म्हणून आता तो एक स्टॉप अलीकडं केएमटीच्या बसमध्ये चढतो, मी पुढच्या. आत गेल्यावर ओळख न्हाई दाखवायची. वर्कशॉपात आलं की मग बोलायचं. हसू येतं, पण असंच हाय.

आनंदाचं सांगतो. मागच्या महिन्यात पहिला गिअर कापला, चोवीस दातांचा. इंडेक्सिंग हेडचा हँडल चाळीस फेरे फिरवला की जॉब एकदा फिरतो. चाळीस भागिले चोवीस, म्हणजे प्रत्येक दाताला एक पूर्ण फेरा आणि वर अठरा भोकांच्या वर्तुळावर बारा भोकं. एकदा जरी मोजायला चुकलं तरी कळतच न्हाई, सगळं बरोबर दिसत राहतं. शेवटच्या दाताला कळतं. तो अर्धाच उरतो. माझी शेवटची खाच पडेपर्यंत मी श्वास घेतला नसंल. दात पूर्ण आला. त्या दिवशी बसमध्ये जागा मिळाली तरी मी बसलो न्हाई, उभाच राहिलो घरापर्यंत.

गणितात दहावीला मला काठावर पास केलंवतं.

---

मुळामुठा

फार सुंदर लिहिलंय. एक शंका, रागावू नका. "एकटीच" आणि मग "ओरडलो", "बसलो", "उभाच राहिलो"? टायपो आहे की मला काही कळलं नाही?

---

पेठकर

पुणेकर आले! अहो, आमच्याकडं पोरी "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" असंच म्हणतात. माझी आजीपण तसंच म्हणायची. वाशी नाक्याची पोरगी पक्की कोल्हापूरची आहे, याचा हा पुरावा समजा.

---

मुळामुठा

धन्यवाद. नवीन कळलं. धाग्याचा विषय ओळख आहे म्हटल्यावर अगदीच अवांतर नव्हतं म्हणायचं. :)

---

ठिणगी

वेल्डर. सुभाषनगरात वाढलो. वडील चपला करतात, आजोबाही करायचे.

वर फटकळ यांनी नावाचं लिहिलंय, त्यावरून सांगतो. आमच्या शाळेत आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. आयटीआयत पहिल्या दिवशी रजिस्टर घेऊन बसलेल्यानं विचारलं, "ट्रेड?" मी म्हटलं वेल्डर. त्यानं लिहून घेतलं, पुढचा! एवढ्यावर भागलं. मला ते इतकं आवडलं की काय सांगू. वेल्डिंगच्या काळ्या काचेमागं सगळी तोंडं सारखीच दिसतात.

डबा खाताना मात्र पहिले काही महिने दोन गोल व्हायचे. कुणी ठरवलेले नव्हते. आपोआप.

मग एका दुपारी मी शहाणपणा करून काच न लावताच टाके मारले, एक नाही, आठ-दहा. रात्री आर्क लागला, म्हणजे वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना बाधला. ज्यांना लागला नाही त्यांना सांगता येणार नाही, डोळ्यांत मूठभर गरम वाळू टाकल्यासारखं होतं, पापणी मिटली तरी टोचतं, उघडली तरी टोचतं. त्या दिवशी जादा प्रॅक्टिसला उशिरापर्यंत थांबलो होतो आणि घरी जाण्याच्या स्थितीत नव्हतो. दुसऱ्या गोलातला एक पोरगा मला स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं बटाट्याच्या चकत्या करून डोळ्यांवर ठेवल्या. (हा औषधोपचार नाही, डॉक्टरकडं जा. पण गार वाटतं.) मग मला दिसत नव्हतं म्हणून तिनं भाकरी कुस्करून ताट हातात दिलं. दिसत नव्हतं त्यामुळं कुणाच्या घरात, कुणाच्या ताटात जेवतोय हे मला बघता आलं नाही. त्यांनाही माझं काही बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून डब्याला एकच गोल.

जरा वेगळा मुद्दा. मी आयटीआयला गेलो ते वडिलांचं काम करायला नको म्हणून. माझ्या हातात एका वर्षात सरकारी सर्टिफिकेट आलं. वडील चाळीस वर्षं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं कातडं कापतात, चामड्याच्याच वादीनं शिवतात, एक खिळा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत एका इटालियन ब्रँडनं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा गल्लीत चॅनेलवाले आले. वडिलांना विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं?" वडील म्हणाले, "साइज काय पाहिजे?"

त्यांना कधी कुणी कारागीर म्हणून कागद दिला नाही. मी वर्षात "कुशल" झालो. हे मला अजून पचत नाही.

---

काकू फुलेवाडीच्या

तुमच्या मित्राच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

पेठकर

या गावाला मेस्त्री शब्दाची लाज वाटावी हेच मला नवल वाटतं. सिनेमावाले बाबूराव पेंटर, मूळचे बाबूराव मेस्त्री. पेंटर हे कामावरून पडलेलं नाव, आणि लोक मूळ आडनाव विसरले. १९१८ च्या सुमारास त्यांनी इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला. कुठल्या कॉलेजात शिकून नव्हे. उद्यमनगर उभं राहिलं तेही इंजिनं उघडून बघणाऱ्या, सुटा भाग घडवून बसवणाऱ्या माणसांच्या जिवावर. उसाच्या मळ्यात पाणी चढवणारी ऑइल इंजिनं इथल्या मेस्त्रींनी केली.

---

फटकळ

बाबूराव एक. त्यांच्यामागं सुतारकाम, लोहारकाम करून मेलेल्या हजार मेस्त्रींची नावं सांगा बघू पटापट. पुतळ्यावर पोट भरत नाही.

---

पेठकर

नावं माहीत नाहीत. तुमचं बरोबर आहे. माझ्या पणजोबांचंच मला नीट माहीत नाही, तेही मेस्त्रीच होते.

---

निवृत्त निदेशक

एकतीस वर्षं शिकवलं, तीन जिल्ह्यांत. दोन-तीन गोष्टी लिहितो.

ट्रेडमध्येही उतरंड असते, पोरंच करतात. माझ्या पाहण्यात इलेक्ट्रिशियन कायम आधी भरायचा, त्यामुळं ती पोरं स्वतःला निम्मी इंजिनिअर समजायची. वेल्डरला बाकीचे "काळतोंड्या" म्हणायचे. बाहेर समाज यांना एकाच मापानं मोजतो आणि आत ही एकमेकांना मोजतात. गॅदरिंगला मारामारी झाली तर ट्रेडवरून व्हायची.

दुसरं. परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. ती न भरणाऱ्यांना मी सुरुवातीला आळशी समजायचो. एकाला कडक शब्दांत बोललो, पोरगा उभ्या उभ्या झोपला. खरंच झोपला, मान खाली गेली. रात्री पेट्रोल पंपावर काम, पहाटे दूध संकलनाला. त्यानंतर मी आधी विचारायचो, मग बोलायचो. त्याची हजेरी त्याच्या बेंचवरच्या दोस्तांनी भरून काढली. कशी, ते मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं नाही असं ठरवलं.

तिसरं, आनंदाबद्दल. शाळेत ही पोरं वर्षानुवर्षं ऐकून आलेली असतात की तुला येत नाही. आणि येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, हे कुणी सांगितलेलं नसतं. इथं दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, आत जाणारा आणि आत घेणारा. बसवून खिडकीकडं धरायचे. फटीतून उजेड आला तर कुठून आला ते दिसतं. तिथंच घासायचं. पुन्हा धरायचं. ज्या दिवशी उजेड येत नाही त्या दिवशी पोरगा माझ्याकडं न येता आधी शेजारच्याला दाखवतो. मी लांबून बघायचो. एकतीस वर्षं तेच बघितलं, कंटाळा आला नाही.

माहिती म्हणून: दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला आणि भाषेची परीक्षा दिली की आपल्या राज्यात बारावीची समकक्षता मिळते. डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. बऱ्याच पालकांना हे माहीत नसतं. पालकसभेला येतच नाहीत. दहावीपर्यंत यायचे, आयटीआयला घातलं की संपलं.

---

उद्यमनगरी

आठवडाभर लिहिलं नाही, एक मोठी ऑर्डर होती. सगळ्यांचं वाचलं. काहींचं दोनदा.

एक राहिलंय. भाच्यानं हा धागा शोधून काढला. शनिवारी गाळ्यावर आला, एक शब्द बोलेना. मी लेथवर बुश, म्हणजे नळकांड्यासारखा पोकळ भाग, बोअर करत होतो. त्यानं आपला आपण मायक्रोमीटर उचलला, दुसऱ्या बुशचा बाहेरचा व्यास घेतला, ड्रॉइंग बघितलं आणि म्हणाला, "हा चार सुतं... न्हाई, चार शतांश कमी हाय. रिजेक्ट होणार." बरोबर होतं. टूल घासला होता, मी बघितलाच नव्हता. पाच बुश बाजूला काढले.

मग म्हणाला, "मामा, तू अर्धंच लिहिलायस."

"काय राहिलं?"

"आमटी मागायच्या आधी काय बोललास ते."

मला खरंच आठवेना. त्यानं आठवण करून दिली. पाहुणे विचारत असताना मी मधे पडून म्हणालो होतो, "आत्ता तात्पुरतं आयटीआयला घातलंय, पुढं डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमा करायचाय." पोरानं मला कधी डिप्लोमाचं सांगितलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नव्हतं.

"कॉलेज मी म्हटलो व्हय," म्हणाला, "पण तात्पुरतं तू म्हणालास. तीन मशिनी हायत तुझ्याकडं आणि तात्पुरतं म्हणालास."

यावर मी काय बोलणार. चहा सांगितला. तो प्याला नाही, बुश मोजत बसला. रिजेक्टमधले दोन निघाले चालण्यासारखे.

---

बेंच नंबर सात

आई शप्पथ.

---

फटकळ

त्याला पगार द्या.

---

वाशी नाका

काका, एक विचारायचं होतं. तुम्ही मिलिंग हाय म्हणालासा. सुट्टीत प्रॅक्टिसला कुणाला घेतासा काय? मला गिअर कटिंग अजून करायचंय. पैशाचं काही न्हाई.

---

उद्यमनगरी

पैशाचं काही न्हाई असं कुठं म्हणायचं नाही, वर फटकळ बसलेत. दिवसाचे ठरवू. परीक्षा झाली की वडिलांना घेऊन ये एकदा, गाळा बघू देत. इंडेक्सिंग हेड जुना आहे, अठराच्या वर्तुळातली दोन भोकं झिजलीत, तेवढं सांभाळून घ्यावं लागेल.

आणि बूट घालून ये. आमच्यातले सगळे चपलांवरच असतात.

---

ठिणगी

साइज सांगा.